चावत नाही

बेचाळीस वर्षं मी लेओनमध्ये जोडे शिवले.
गिऱ्हाईक यायचं, तोंड वाकडं करून म्हणायचं,
मास्तर, चावतोय. इथं, करंगळीपाशी.
मी जोडा साच्यावर चढवायचो, पाण्याचं बोट फिरवायचो,
जरा ताणायचो,
दुसऱ्या दिवशी तो माणूस चावणं विसरलेला असायचा.

माझा जोडा आता मला चावत नाही.
नवा नाही, जुना नाही, एका मापानं लहान असला तरी नाही.
आधी आधी मी यावर खूश होतो.

ऑगस्टातल्या एका मंगळवारी
मी दिवसभर एका खिळ्यावर उभा होतो.
टाचेचा खिळा, माझ्याच डब्यातला.
संध्याकाळी मोजा निघेना, तेव्हा रेफुहियोनं दिवा जवळ आणला.
तुला कळलं नाही?
मी म्हटलं, नाही.
ती कोमट पाणी आणायला गेली
आणि स्वयंपाकघरात बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिली.

अकरा आठवडे लागले भरायला.

दवाखान्यातली इत्सेल, माझ्या नातीएवढी,
डोळे मिटायला सांगते. नायलॉनचा धागा तळव्याला टेकवते.
लागलं की हो म्हणा, दॉन एलेउतेरियो.
मी अंदाजानं हो म्हणतो, शाळेत पाढे म्हणायचो तसा.
ती म्हणते, अजून लावलाच नाही मी.
धागा मी ओळखला. असल्याच धाग्यानं
कितीतरी मुलींचे लग्नाचे पांढरे बूट शिवलेत.
चिमटीत धरला तर बोटांना अजून त्याचा ताण कळतो.

रात्री मात्र हेच पाय जागे होतात.
मुंग्या, मग निखारे, मग पोटरीतून सुटलेली
एक कळ, आरीसारखी, नेमकी.
चादरीचंही वजन सोसवत नाही.
अंगणातल्या तापल्या फरशीवर फोड आला तेव्हा गप्प बसले,
आणि आता गार अंधारात, काही नसताना, बोंब मारतात.
ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणे.
माझं जळतं तेव्हा काही जळत नसतं.
कळ आहे. कळत नाही.

म्हणून सकाळी आधी हात.
जोड्यात घालायचा, चवड्यापासून टाचेपर्यंत
अस्तर चाचपायचं: खडा, सुरकुती, उसवलेला टाका.
विकण्याआधी प्रत्येक जोडा मी असाच तपासला,
परक्यांच्या पायांसाठी.
मलम लावायचं, चामड्याला तेल देतात तसं,
पण बोटांच्या बेचक्यांत नाही. तिथं ओल राहिली की
कातडं कुजतं, हे मला कुणी शिकवायला नको.
पाणी कोपरानं बघायचं. नखं सरळ कापायची;
ती रेफुहियो कापते, चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत धरून.

मागच्या आठवड्यात गल्लीतला कासिमिरो आला, कुबड्या टेकत.
म्हणाला, फक्त डावा शिव. अर्धे पैसे देईन.
उजवीकडे पँट दुमडून पिन लावलेली.
तिकडं न बघता आम्ही चामड्याच्या भावाविषयी बोललो.
डावा झाला. सवयीनं उजवाही बेतला गेला,
तो फळीवर आहे, टाकवत नाही.
एकट्याला जोडा कसं म्हणायचं?
बिलावर मी नुसतं 'डावा' लिहिलं.

झोपायच्या आधी रेफुहियो दिवा घेऊन येते.
दाखव.
मी पाय तिच्या मांडीवर ठेवतो.
तिचा अंगठा कुठं फिरतोय मला कळत नाही,
मी तिचं तोंड बघत राहतो.
टाचेपाशी ती थांबते, दिवा खाली घेते,
पुन्हा बघते.
मग कपाळावरची आठी सुटते,
आणि मी मोजे मागतो.